ह्यांच्या रस्त्यानं, पायी

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे फलटणमार्गे पुण्याची गाडी. लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड आणि मग दिवेघाट उतरून पुणे. आषाढी आली की जादा गाड्यांची ड्यूटी लागायची आणि मग घरी फिरकायचं नाव नाही. पंढरपुराबाहेर तात्पुरती बसस्थानकं उभी राहतात, तिथं चिखलात गाडी लावायची, भरली की काढायची, माणसं गावी पोचवून रिकामी गाडी परत आणायची. झोप मिळेल तेवढी, स्टिअरिंगवर डोकं टेकून. घरी आले की दोन दिवस रस्त्याबद्दल बोलायचे. नीरेच्या पुलावर गाडी किती वेळ खोळंबली, बरडजवळ कुठल्या वडाखाली वारकरी पंगतीला बसले होते, वेळापूरच्या उताराला म्हाताऱ्या बायका पदर खोचून कशा पळत सुटतात. हे सगळं काचेतून पाहिलेलं. पायी एकदाही गेले नाहीत. आषाढीत ड्रायव्हरला रजा कोण देणार?

निवृत्तीनंतर जाऊ म्हणायचे. निवृत्तीच्या आधीच तोंडात जखम झाली.

रात्रीच्या गाडीवर डोळा लागू नये म्हणून तरुणपणी मावा सुरू केला होता. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून केलेली पुडी. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण मावा टपरीवर डोळ्यांदेखत घोटून मिळतो. आधी तिखट लागेना. मग तोंड पुरतं उघडेना. भाकरी आमटीत भिजवून खायला लागले तेव्हा मी म्हटलं, दात दुखतात का? म्हणाले, वय झालं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मुलांची नखं, दात, कान रोज तपासणारी बाई. घरातल्या माणसाच्या तोंडात बॅटरी मारून बघायचं मात्र कुणी आम्हाला शिकवलं नव्हतं.

मग मुंबई. परळचं टाटा हॉस्पिटल आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना अधिक सांगायला नको, आणि ज्यांनी काढले नाहीत त्यांना इतकंच सांगते की, बाहेरगावच्या रोग्याला औषधाइतकीच चिंता असते ती रात्री पाठ टेकायची. रेडिएशन रोजचं, पाच मिनिटांचं, आणि ते आठवड्यांमागून आठवडे चालतं. तेवढ्या काळात मुंबईत राहणार कुठं? आमच्या आधी आलेले कितीतरी जण हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पथारी टाकून होते. आम्हाला धर्मशाळेत नाममात्र पैशांत खोली मिळाली आणि स्टोव्हवर पेज शिजवायची सोय झाली. शेजारी जळगावचं कुटुंब, पलीकडे बिहारचे बाप-लेक, कोपऱ्यात रत्नागिरीची एकटी बाई. कोण कुणाचं? पण एकाचा नंबर लागला की दुसरा त्याचा डबा घेऊन जायचा.

२०२० च्या आषाढीला हे घरी, अंथरुणावर. कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. दशमीला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला निघाल्या. फुलांनी सजवलेली ती गाडी टीव्हीवर दिसली आणि हे उशीला टेकून उठून बसले. बोलणं तेव्हा अवघडच होतं. पाटीवर लिहून दाखवलं, ‘माऊली आमच्या गाडीत.’ दिवसभर ती पाटी पुसू दिली नाही.

ते गेल्यानंतर वर्षश्राद्धाला काय करायचं, हा प्रश्न निघाला. नातेवाइकांचं म्हणणं, गावजेवण घालू. माझ्या मनात दुसरंच होतं. ज्या रस्त्यावर त्यांचं आयुष्य गेलं तो पायी चालायचा आणि चालताना धर्मशाळेसाठी पैसे गोळा करायचे. शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं तर एका तरुण शिक्षकानं तिथल्या तिथं हिशेब मांडला, “बाई, आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. तुम्ही चाला, आम्ही किलोमीटरमागे रुपया देतो.” अडीचशे रुपये कुणालाही जड नाहीत. केंद्रातल्या शाळा, ह्यांच्या डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर, विट्यातले दोन दुकानदार अशी यादी वाढत गेली. पिवळ्या कापडाची एक पिशवी शिवली, शंभर पानी वही घेतली. पैसा बँकेतून थेट संस्थेकडे जाईल, वाटेत कुणी हातावर ठेवलं तर वहीत नाव लिहायचं, एवढंच ठरवलं. डेपोतल्या एका कंडक्टरनं किलोमीटरमागे दोन रुपये लिहिले. म्हणाला, एक माझा, एक आमच्या स्टिअरिंगचा.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीचं प्रस्थान होतं. त्या गर्दीचं वर्णन करायला माझ्याकडे नवं काही नाही. इंद्रायणीच्या काठावर उभी राहिले, कळसाला हात जोडले आणि आमच्या दिंडीचा ट्रक शोधत निघाले. पुण्यापर्यंतचा रस्ता तर माणसांनीच चालवला, पाय टेकले की नाही ते कळलं नाही.

दिंडी म्हणजे काय हे मात्र सांगायला हवं, कारण दुरून ती नुसती गर्दी दिसते. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे दोनशेच्या वर. प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. पुढे पताकावाले, मग टाळकरी, मध्ये पखवाज, मग विणेकरी, मागे डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे आणि तंबू दिले, आजही घोडे तिथूनच येतात. पहाटे कर्णा वाजतो. पहिल्याला सामान बांधायचं, दुसऱ्याला दिंडीत येऊन उभं राहायचं, तिसऱ्याला पाऊल उचलायचं. सकाळी काकडा, भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, संध्याकाळी हरिपाठ. कुठल्या वेळी काय म्हणायचं तेही ठरलेलं. घड्याळाकडे न बघता नुसत्या अभंगावरून आमच्यातली कोणीही बाई सांगायची की आता न्याहारीचा विसावा आला. भिशी आधी भरलेली असते. त्या पैशांत दोन वेळचं जेवण, तंबूत जागा आणि ट्रकमध्ये सामान.

आमच्या दिंडीत निम्म्या बायका परभणी, जिंतूरकडच्या. पेरणी उरकून आलेल्या, नाहीतर पेरणी मुलांवर सोपवून आलेल्या. पाऊस लांबला होता. चालता चालता आकाशाकडे बघायच्या आणि टाळ वाजवायच्या.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा. त्यातच योगिनी एकादशी, म्हणजे पोटात केळी आणि शेंगदाण्याचे लाडू. वडकीपासून दिवेघाट चढायला लागतो. खाली मस्तानी तलाव, वर डोंगर आणि मधल्या नागमोडी रस्त्यावर भगव्या पताकांची ओळ. इथं रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. बैलांच्या खुरांचा आवाज, घुंगरं, ‘माऊली, माऊली’चा घोष, आणि वरून बारीक पाऊस आला. बायकांनी मेणकापडं डोक्यावर घेतली. माझ्या कानात मात्र गिअर बदलायचा आवाज. तिसऱ्यातून दुसऱ्यात, शेवटच्या वळणाला पहिल्यात. हे मला शेजारच्या सीटवर बसवून पुण्याहून परत आणत, तेव्हा याच वळणावर म्हणत, “आता बघ, गाडी रडणार.” इंजिन खरंच कण्हायचं. त्या वळणावर कठड्याशी मी थांबले. मागची बाई म्हणाली, “माऊली, दमलीस का? हात धर.” तिला मी त्याआधी पाहिलंही नव्हतं. घाटमाथ्यापर्यंत तिनं हात सोडला नाही. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी गेलेला, एवढं तिनं सांगितलं. मी ह्यांचं सांगितलं. पुढं दोघी काही बोललो नाही, बोलायची गरजही नव्हती.

सासवडला पायांना फोड. आमच्या तंबूतल्या एका आजीनं सुईत लोकरीचा धागा ओवला, फोडातून आरपार काढला आणि धागा तसाच आत ठेवून टोकं कापली. पाणी धाग्यावाटे झिरपून जातं, कातडी निघत नाही. वर कैलास जीवन. सकाळी मी चालू शकले. गावोगाव लोक हेच करत असतात. कुणी तेलानं पाय चोळून देतो, नाभिक दाढी करून देतात, चांभार चपलेचा अंगठा शिवून देतात, डॉक्टर तंबू टाकून बसतात. घराघरांतून भाकरीच्या चळती येतात. कुणी पैसे विचारत नाही. उलट आपण त्यांच्या दारी जेवलो याचंच त्यांना अप्रूप. दादरला शेजारणीनं माझ्या हातातलं पातेलं काढून घेऊन “तुम्ही बसा, मी ढवळते” म्हटलं होतं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, तेच इथं रस्त्याच्या दोन्ही कडांना अडीचशे किलोमीटर उभं होतं.

जेजुरीत पालखीवर भंडारा उधळला गेला आणि माझी वही, पांढरं पातळ सगळं पिवळं झालं. वाल्हे, मग नीरा. नदीत पादुकांना स्नान घालतात, ते लांबूनच दिसलं. पूल ओलांडला की सातारा जिल्हा. ह्यांचा पूल तो. त्यावर गाडी अडकली की खाली उतरून वारकऱ्यांना पाणी द्यायचे, असं त्यांचा कंडक्टर सांगत असे.

वहीबद्दल सांगते. मी पैसे मागणार नव्हते, तशी माझ्यात धिटाई नाही. पण पिशवी गळ्यात असल्यानं लोकच विचारायचे. वाल्ह्याला एका म्हातारीनं विचारलं, “ह्ये काय गं माय, कशाचं?” मी सांगितलं. तिनं कमरेची गाठ सोडली. त्यात नोटेची चौकोनी घडी, घडीच्या आत अजून एक घडी. दहा रुपये काढून माझ्या पिशवीत टाकले. “नाव काय लिहू, आजी?” “नाव कशाला? त्या पोरीला लागंल.” कुठली पोर हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. वहीत मी ‘वाल्हे, एक आजी, रु. १०’ असं लिहिलं. पुढं अशाच नोंदी जास्त झाल्या. लोणंद, चहावाला. तरडगाव, शाळकरी मुलं तीन. बरड, टँकरवाला.

अशा नोंदी करताना मला टाटा हॉस्पिटलच्या जन्माची गोष्ट आठवायची, दादरच्या धर्मशाळेतून परळला जाता-येता कळलेली. बाकावर तासन्‌तास बसावं लागतं, तेव्हा माणूस भिंतीवरचं सगळं वाचतो, मग घरी येऊन आणखी वाचतो. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी युरोपला निघाले, इंग्लंडमधल्या बायकोच्या समाधीला जायला, आणि वाटेत जर्मनीतच वारले. जाण्यापूर्वी त्यांनी रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी तिच्या नावानं न्यास केला आणि आपली जवळजवळ सगळी संपत्ती दुसऱ्या न्यासाला दिली. त्या न्यासातून १९४१ साली परळला हॉस्पिटल उभं राहिलं. मेहेरबाईंच्या गळ्यातला २४५ कॅरटचा जुबिली हिरा, कोहिनूरहून मोठा, तोही पुढे विकला गेला. बायको गेलेल्या एका माणसाच्या दुःखातून उभी राहिलेली ती इमारत, आणि तिच्या आत माझ्या माणसावर उपचार झाले. तो हिरा आणि वाल्ह्याच्या आजीची घडी एकाच हिशेबात धरायला मला जराही संकोच वाटत नाही.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब. इथं पहिलं उभं रिंगण. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि मधून घोडे सुटतात. एकावर जरीपटक्याचा स्वार, दुसरा मोकळा, तो माऊलींचा. मोकळा घोडा पुढे निघाला की जो आवाज उठतो तो छातीत लागतो. नंतर लोक टापांखालची माती कपाळाला लावतात. मीही लावली.

कपाळाचं सांगायलाच हवं. हे गेल्यावर बांगड्या आणि कुंकवावरून घरात जे व्हायचं ते झालं. मी ऐकलं नाही, पण सणाला, ओटी भरताना, हळदीकुंकवाला बायकांचा हात माझ्याशी येऊन थांबायचा, ते मी रोज पाहत होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मी तो शाळेत फळ्यावर लिहिला होता. वारीत ठराव लागत नाही. गंध लावणारी मुलं ताटली आणि ठसा घेऊन फिरतात. समोर येईल त्या कपाळावर गोपीचंदन, मध्ये बुक्का, झालं. रोज सकाळी माझं कपाळ भरत होतं. हे रस्त्यावर जमतं ते घरात, उंबऱ्याच्या आत, का जमू नये? वारी करून परतणाऱ्या प्रत्येक बाईनं आणि बुवानं हा प्रश्न घरी न्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता पखवाजवाल्यांची गोष्ट.

आमच्या दिंडीतले पखवाजवाले परभणीकडचे. पन्नाशीचे, सडपातळ. हात असा की चालून चालून जड झालेले पाय त्यांच्या थापेवर आपोआप उचलायचे. लोणंदला पंगतीत ते माझ्या समोर बसले होते. भाकरी त्यांनी आमटीत कुस्करली, बराच वेळ भिजू दिली आणि मग बोटांनी चिमूट चिमूट आत सारली. घास हातात घेऊन मी तशीच बसून राहिले. मग लक्षात आलं, हे गातच नाहीत. टाळकरी अभंग उचलतात, सगळी दिंडी गाते, पखवाजवाले ओठ मिटून वाजवतात. बाकीच्यांना वाटायचं, लक्ष तालावर आहे.

माळकरी माणूस मांस-मद्याला शिवत नाही. हे केवढं मोठं व्रत आहे, त्यानं किती घरं सावरली हे मी माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरांवरून सांगू शकते. तंबाखू मात्र त्या व्रतातून निसटली. विसाव्याला झाडाखाली बसलं की तळहातावर तंबाखू-चुना मळला जातो, शेजाऱ्याला चिमूट दिली जाते, तीही प्रेमानं. मला तिथं भाषण करायचं नव्हतं. मी त्यांना एक साधी गोष्ट करायला सांगायचे, जी मला टाटाच्या बाकावर एका डॉक्टरीणबाईंनी शिकवली होती. उजव्या हाताची मधली तीन बोटं एकाशेजारी एक जोडायची, उभी धरायची आणि वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये घालून बघायची. तिन्ही गेली तर ठीक. जात नसतील, तोंड आखडलं असेल, तर डॉक्टरकडे जायचं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवडे भरत नाही अशी जखम असली, तरी जायचं. कॅन्सर होण्याच्या आधीही ही लक्षणं दिसू शकतात आणि तेव्हा हातात वेळ असतो. आमच्या हातात तो नव्हता.

पहिल्या दिवशी बायका हसल्या, पण केलं. मशेरी लावणाऱ्या कितीतरी जणी होत्या, त्यांनाही करायला लावलं. मग पुरुषांचा घोळका. फलटणच्या मुक्कामी आमच्या तंबूबाहेर माणसं ओळीनं तोंडात तीन बोटं घालून उभी होती आणि शेजारच्या दिंडीतली विचारत होती, हा कुठला नेम? पखवाजवाले लांब बसून पखवाजाच्या शाई लावलेल्या पुडीवरून हात फिरवत होते. मी जवळ गेले. म्हटलं, “भाऊ, तुम्ही?” त्यांनी एक बोट घातलं. दुसरं अर्धं. मग हात खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मी ओळखत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी त्यांना घेऊन आरोग्य पथकाच्या तंबूत गेलो, मी आणि त्यांची बायको. तरुण डॉक्टरनं बॅटरी लावून गालाच्या आतून पाहिलं, बोटानं चाचपलं, मानेखाली दाबून बघितलं. म्हणाला, “वारी झाली की लगेच जा. तुकडा काढून तपासावा लागेल. आणि आजपासून मावा बंद.” बायको म्हणाली, “वारी आत्ताच सोडावी का?” डॉक्टर म्हणाला, “चाला, पण पंढरपूरहून परस्पर गाडीत बसा.” पखवाजवाल्यांनी कनवटीची पुडी काढली आणि कुणी न सांगता तंबूबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकली. मग पखवाज गळ्यात घातला. त्या दिवशी बरडपर्यंत हाताला जरासुद्धा ढिलाई नव्हती.

संध्याकाळी तळावर समाजआरती होते. माळावर सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, पालखी मध्ये, हजारो टाळ एकदम वाजत असतात. चोपदार दंड वर करतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिनं टाळ वाजवत राहायचे. चोपदार तिकडे जातो, ऐकतो, निवाडा करतो. पाणी मिळालं नाही, जागा घेतली, कुणी ढकललं. तक्रार लहान असो की मोठी, माऊलींच्या समोर ऐकली जाते. मग हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाचा चष्मा, कुणाची पोथी, कुणाचं पाकीट, आतल्या पैशांसकट. बरडच्या तळावर आमच्या विणेकरी बुवांनी दिंडीत शब्द टाकला, की यंदापासून आपल्या पंगतीत आणि विसाव्याला तंबाखूची देवघेव बंद. काही म्हातारे कुरकुरले. पण बुवांचा शब्द तो, आणि पखवाजवाले समोर बसले होते.

धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. पुढचा रस्ता रुंद झालाय. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी महामार्गाचं भूमिपूजन झालं, चौपदरी काम झालं आणि ह्यांनी सांगितलेले वड शोधूनही सापडले नाहीत. पायी चालणाऱ्याला सावलीपेक्षा मोठी सोय नसते. नवी झाडं लावली आहेत, ती आमच्या खांद्याएवढी. डांबराची धग तळव्यातून वर येत होती. रस्ता बांधणाऱ्यांनी या दिवसांत एक टप्पा तरी अनवाणी चालून बघावा.

नातेपुते, माळशिरस. खुडूसनंतर वेळापूरचा उतार. तुकाराम महाराजांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. म्हणून इथं सगळी वारी धावते. ज्या उताराबद्दल मी वर्षानुवर्षं ऐकत आले होते तो समोर होता. घाटात हात धरणारी बाई शेजारी होती. आम्ही पदर खोचले. गुडघे दुखत होते, धाग्याची टोकं पायात टोचत होती, पिशवी छातीवर आपटत होती आणि मी पळत होते, ओरडत होते, रडत होते. त्या धावण्यात ह्यांची आठवण काढायला सवडच नव्हती. खाली पोचल्यावर, धाप लागून वाकलेली असताना, ते एकदम आठवले, आजारातले नव्हे, खाकी गणवेशातले, गाडीच्या दारातून वाकून हसणारे. आजारानंतर पहिल्यांदा मला त्यांचा तो चेहरा परत मिळाला.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. दशमीला पंढरपूर. एकादशीला चंद्रभागेत स्नान, नगरप्रदक्षिणा. दर्शनाची रांग गोपाळपुरापर्यंत गेली होती. आम्ही नामदेव पायरीला डोकं टेकलं, कळसाला हात जोडले. पुष्कळ वारकरी तेवढंच करून परततात, त्यांना काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. मला जायचं होतं वाळवंटात. गाडगेबाबा पंढरपूरला यायचे ते हातात खराटा घेऊन. देवळात जात नसत. वाळवंट झाडायचे, रात्री कीर्तन करायचे आणि लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा बांधायचे. दलित वारकऱ्यांना कुणी ओसरीवर उभं करत नव्हतं, तेव्हा त्यांनी इथं चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतःसाठी त्यांनी खोलीसुद्धा ठेवली नाही. दादरला आमच्या डोक्यावर जे छप्पर होतं त्याचा पाया या वाळूत आहे, हे मला तिथं उभं राहून पुरतं कळलं. पिशवीतले पैसे मी वाळवंटातच बसून मोजले. शाळांचा आणि डेपोचा पैसा बँकेतून गेलाच होता. वाटेवरच्या नोटा बहुतेक दहा-वीसच्या, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या.

पखवाजवाले पंढरपूरहून परस्पर गेले नाहीत. आधी गावी जाऊन कागदपत्रं, रेशनकार्ड, थोडे पैसे गोळा करावे लागले. मग एका रात्री त्यांच्या बायकोचा फोन आला, गाडीतून. मागं डब्याचा खडखडाट. घाबरलेल्या होत्या. मुंबई कधी पाहिली नव्हती.

मी म्हटलं, “ताई, परळला उतरू नका, दादरला उतरा. पूर्वेकडे बाहेर पडा, कुणालाही गाडगे महाराज धर्मशाळा विचारा. हॉस्पिटलचा कागद लागेल, तो वरच ठेवा. खोली मिळेपर्यंत ह्यांना एका जागी बसवा, तुम्ही रांगेत राहा. सकाळी लवकर फाइल काढायला जायचं, आधीचे सगळे रिपोर्ट घेऊन. पातेलं आणलंय का? एकच? चालेल. पेज करताना शेजारच्या कुणाला लागली तर त्यांनाही द्या. मी परवा येतेय, नोटा संस्थेत भरायच्या आहेत. पखवाज आणला असेल तर राहू दे, खोलीत मावतो.”